दोन गुंठ्यांचा खेळ आणि गावाचे मैदान

खेळाच्या अंगणाची मापे हा वृत्तपत्राच्या पहिल्या पानाचा विषय कसा होऊ शकतो, असा प्रश्न आमच्या काही वाचकांस पडेल. प्रश्न केवळ खेळाचा असता तर आम्ही तो क्रीडावृत्ताच्या पानावर सोपवून मोकळे झालो असतो. परंतु पिकलबॉल या नावाचा जो नवा खेळ मुंबई-पुण्याकडून मराठवाड्याच्या दिशेने वाटचाल करीत आहे, तो आपल्याबरोबर जमिनीचा एक प्रश्न घेऊन येत आहे. आणि ज्या शहरात मुलांना खेळावयास उरलेली मोकळी जागा बोटांवर मोजता येते, त्या शहराच्या दृष्टीने जमिनीचा प्रश्न हा पहिल्या पानाचाच प्रश्न होय. म्हणून हा खेळ येण्यापूर्वीच त्याचे माप नीट घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे असे आम्हांस वाटते.

या खेळाची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. १९६५ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल या दोन मित्रांनी कंटाळलेल्या मुलाबाळांसाठी तो जुळविला. घरच्या अंगणात बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते, पण खेळाचे साहित्य धड नव्हते. तेव्हा त्यांनी टेबल-टेनिसची दांडकी उचलली, भोके असलेला प्लास्टिकचा पोकळ चेंडू घेतला, आणि जाळी हळूहळू खाली आणीत कमरेएवढी केली. बार्नी मॅकॉलम या तिसऱ्या मित्राच्या साहाय्याने पुढे नियम तयार झाले. बॅडमिंटनचे कोर्ट आयते मिळाले म्हणून त्याचीच लांबी-रुंदी या खेळाला मिळाली, ती आजतागायत तशीच आहे. आता बॅडमिंटनच्या पूर्वपीठिकेत पुण्याचे नाव येते हे सर्वश्रुत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ आवडीने खेळत, आणि त्या काळी तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई. म्हणजे ज्या खेळाला आपण आज परदेशी पाहुणा समजतो, त्याचे आजोळ आमच्याच मुलुखात निघते! हा पाहुणा भारतात परत आणण्याचे श्रेयही एका मराठी माणसाचे आहे. मुंबईचे सुनील वालावलकर यांनी १९९९ साली कॅनडात हा खेळ पाहिला, काही वर्षांनी मुंबईत तो रुजविण्यास आरंभ केला, आणि २००८ साली त्याची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. २०२५ च्या जानेवारीत मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात या खेळाची व्यावसायिक स्पर्धा झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय क्रीडा महासंघ म्हणून मान्यता दिली. ज्या खेळाला शासकीय मान्यता मिळते, त्याच्यासाठी आज ना उद्या शाळांतून, वसाहतींतून आणि नगरपरिषदांच्या दारी जागेची मागणी येणारच.

ती मागणी किती जागेची? पिकलबॉलचे कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते. मीटरच्या भाषेत १३.४१ गुणिले ६.१०. मध्यभागी जाळी, तिची उंची दोन्ही कडांस ३६ इंच आणि मध्ये ३४ इंच. जाळीच्या प्रत्येक बाजूस २२ फूट लांबीचा अर्धभाग येतो. त्यातील जाळीलगतचा ७ फुटांचा पट्टा हा निर्बंधाचा. तेथे उभे राहून चेंडू टप्पा पडण्यापूर्वी मारता येत नाही. खेळाडू त्यास गमतीने ‘किचन’ म्हणतात. उरलेल्या १५ फुटांचे मधोमध दोन भाग केले की प्रत्येकी १५ गुणिले १० फुटांची सर्व्हिसची चौकट तयार होते. रेषा दोन इंच रुंदीच्या असतात आणि माप रेषेच्या बाहेरील कडेपर्यंत धरावयाचे असते. रेषेच्या आतून मोजणारा रंगारी चार इंचांची चूक करतो. चारही कोन काटकोन आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी कसलेही महागडे यंत्र लागत नाही. शाळेत शिकलेला पायथॅगोरसचा सिद्धान्त पुरेसा आहे: दोन्ही कर्ण ४८ फूट ४ इंच भरले म्हणजे आखणी बिनचूक झाली. आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेली लायगो-इंडियाची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. अणुगर्भाहूनही सूक्ष्म अशा हालचाली मोजण्याची प्रतिज्ञा जेथे झाली आहे, तेथे सुतळीने ४८ फूट ४ इंच मोजणे कोणास जड जाऊ नये.

परंतु खरी मेख या रेषांच्या आत नाही, बाहेर आहे. ४४ गुणिले २० म्हणजे ८८० चौरस फूट. आमच्याकडे ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा धरतात, तेव्हा हे कोर्ट गुंठ्याहूनही लहान झाले. ‘गुंठ्यात बसणारा खेळ’ अशी त्याची ख्याती होण्यास एवढे पुरेसे आहे, आणि फसगतीची सुरुवातही तेथूनच होते. चेंडू मागच्या रेषेवर टप्पा घेऊन उसळतो तेव्हा खेळाडूस मागे धावावे लागते. बाजूस गेलेला चेंडू परतविताना रेषा ओलांडावी लागते. तेथे भिंत, खांब किंवा गटार असेल तर गुडघे फुटावयाचे. म्हणून नियमपुस्तक म्हणते की रेषांभोवतीची जागा धरून निदान ३० गुणिले ६० फूट हवेत, आणि ३४ गुणिले ६४ फूट असतील तर उत्तम. ३४ गुणिले ६४ म्हणजे २१७६ चौरस फूट. दोन गुंठ्यांचे २१७८. मापे परक्या देशात ठरली आणि हिशेब मात्र आमच्या गुंठ्यात दोन फुटांच्या फरकाने चोख बसला! तेव्हा वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की पिकलबॉलचे चांगले कोर्ट म्हणजे दोन गुंठे. त्यांपैकी रेषांच्या आत जातात ८८० चौरस फूट आणि बाहेर उरतात १२९६. मोकळ्या सोडलेल्या जागेचा वाटा खेळाच्या जागेहून मोठा आहे, आणि पैसा वाचविण्याची वेळ आली की पहिली कुऱ्हाड याच मोकळ्या जागेवर पडते. चाकांच्या खुर्चीत बसून खेळणाऱ्यांसाठी तर ४४ गुणिले ७४ फूट जागेची शिफारस आहे. ती ३२५६ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ पुरते तीन गुंठे होते. आपल्या गावात एखादे सार्वजनिक कोर्ट बांधताना हा तिसरा गुंठा कोणी आठवील काय? अपंगांस समान संधी देण्याच्या घोषणा पुष्कळ होतात. त्या घोषणांचे मोल एका गुंठ्याच्या मापाने कळते.

जागा मिळाली तरी काम संपत नाही. मराठवाड्याची जमीन आणि मराठवाड्याचे ऊन या दोहोंचा विचार परदेशी पुस्तकात असणार नाही. तो आम्हीच केला पाहिजे. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर नुसता सिमेंटचा थर पसरला की दोन पावसाळ्यांत त्याचे तुकडे होतात, हे काळ्या जमिनीवर घर बांधलेल्या कोणाही शेतकऱ्यास विचारावे. माती पुरेशी खोल काढून, मुरूम भरून, पाणी मारून, रोलर फिरवून मगच वरचा थर दिला पाहिजे. पाणी साचू नये म्हणून दहा फुटांस एक इंच असा एकाच दिशेचा उतार ठेवावा. कोर्टाची लांबी दक्षिणोत्तर असावी, हा नियम सर्वत्र सांगतात. आमच्याकडे त्याचे महत्त्व दुणावते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की खेळ होणार तो सकाळी कोवळ्या उन्हात किंवा दिवस मावळतीस लागल्यावर; आणि नेमका त्याच वेळी सूर्य डोळ्यांसमोर येतो. पूर्व-पश्चिम आखलेले कोर्ट आमच्या हवामानात खेळण्यास निरुपयोगी ठरेल. संध्याकाळचा खेळ म्हटला म्हणजे दिवे आले, आणि दिव्यांमागून शेजाऱ्यांची झोप आली. या खेळात कठीण दांडक्यावर कठीण चेंडू आपटतो. त्याचा टणत्कार टेनिसच्या आवाजाहून तीव्र असतो. अमेरिकेत यापायी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली असून रात्र दहा वाजता सुरू होते. दहाचा ठोका पडल्यावर दिवे मालवले जातील अशी अट परवानगीच्या कागदावर आधीच लिहिलेली बरी. मागाहून ती लिहिताना भांडणे होतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १ मे १९९९ रोजी हिंगोली हे जिल्ह्याचे ठाणे झाले. कचेऱ्या आल्या, शाळा-महाविद्यालये वाढली, आणि शहराच्या कडेची शेते पाहता पाहता प्लॉटांत विभागली गेली. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ८५ हजारांवर गेली होती. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथेही कमीअधिक प्रमाणात हेच घडले. या नव्या वसाहतींतील मुले खेळतात कोठे? राज्य सरकारच्या २०२० सालच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवणे बंधनकारक आहे. ०.४ हेक्टर म्हणजे ढोबळ मानाने एक एकर, आणि त्याचे दहा टक्के म्हणजे सुमारे चार गुंठे. या चार गुंठ्यांत काय काय मावते ते पाहावे. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ गुणिले १० मीटर, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या आसपास, ते मावते. पिकलबॉलची दोन कोर्टे मावतात, पण मग एका झाडालाही जागा उरत नाही. आणि खो-खो? खो-खोचे मैदान २७ गुणिले १६ मीटर. ते सव्वाचार गुंठे झाले. म्हणजे नियमाचे तंतोतंत पालन करून सोडलेल्या मोकळ्या जागेतही महाराष्ट्राचा स्वतःचा खेळ बसत नाही! २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या दोन कर्णधारांच्या हाताखाली भारताच्या दोन्ही संघांनी जगज्जेतेपद मिळविले, तेव्हा आम्ही सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांची किंमत सव्वाचार गुंठे आहे, आणि ती देण्यास आमची एक एकराची वसाहत असमर्थ आहे.

यातून एक कटू सत्य समोर येते. लहान जागेत लहान खेळच होतात. मोठे खेळ, शाळांचे संचलन, जत्रा, सभा, कुस्त्यांचा फड यांना मोठे मैदानच लागते, आणि ते शहरात पुन्हा निर्माण करता येत नाही. हिंगोली हे एके काळी निजामी राज्यातील हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेचे ठाणे होते. फौजेस कवायतीसाठी मोकळे रान लागे. ज्या रामलीला मैदानावर आमचा दसऱ्याचा प्रसिद्ध महोत्सव भरतो, त्या मैदानाचे मोल त्या दहा दिवसांत जिल्ह्यातील खेड्याखेड्याला कळते. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मात्र कोणतेही मोठे मैदान हिशेबी माणसास ‘पडून राहिलेले’ दिसते. अशा माणसाच्या हातात दोन गुंठ्यांच्या खेळाचे माप पडले म्हणजे काय होईल, याची आम्हांस धास्ती वाटते. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. दोन-दोन गुंठ्यांनी भागले की वीस कोर्टे. प्रत्येकास जाळीचा पिंजरा, दिवे, कुलूप आणि तासाचे भाडे. कागदावर तो ‘क्रीडाविकास’ दिसेल, नगरपरिषदेस चार पैसे मिळतील, उद्घाटनाचे नारळ फुटतील. परंतु त्या वीस कोर्टांवर एका वेळी फार तर ८० माणसे खेळतील, तीही भाडे देणारी. त्याच एकरात फाटक्या चेंडूने क्रिकेट खेळणारी पोरे, पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारे तरुण, सायकल शिकणाऱ्या मुली आणि संध्याकाळी फिरावयास आलेले म्हातारे बाहेर कुंपणाशी उभे राहतील. खेळ लहान आहे हा त्याचा गुण. आणि मोठ्या मैदानाचे तुकडे करण्यास तो सोयीचा आहे, हा त्याच गुणातून निपजणारा धोका.

यावर नगरपरिषदेची बाजू आम्हांस ठाऊक आहे, आणि ती निव्वळ खोटी नाही. तिजोरीत पैसा नाही, माळी नाही, पहारेकरी नाही. मोकळ्या भूखंडावर कचरा पडतो, रात्री बाटल्या फुटतात. मग एखाद्या व्यावसायिकाने ती जागा घेऊन नीट राखली तर बिघडले काय? बिघडते ते असे की राखणदार हळूहळू मालकाच्या थाटात वागू लागतो. मुंबईत मोकळ्या जागा सांभाळण्यास खाजगी संस्थांकडे देण्याच्या धोरणाविरुद्ध २०१६ साली एवढा गदारोळ उठला की खुद्द मुख्यमंत्र्यांस त्यास स्थगिती द्यावी लागली. त्याच्याही आधी १९९१ साली बंगळूरच्या एका खटल्यात, उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयास देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. रुग्णालयासारख्या उपयुक्त गोष्टीसाठीही जेथे राखीव जागा मोडता येत नाही, तेथे भाड्याच्या कोर्टासाठी ती मोडणे कसे समर्थनीय ठरेल? स्वतःच्या मालकीच्या भूखंडावर कोणी दोन गुंठ्यांचे कोर्ट बांधून भाडे घेत असेल तर त्यास आमची हरकत नाही. आवाज, दिवे आणि वाहनतळ यांचे नियम त्याने पाळावेत म्हणजे झाले. सार्वजनिक जागेस मात्र दुसरा न्याय लागू आहे, कारण तिचे मालक भाडे भरू न शकणारेही आहेत.

याउलट, हा परक्यांचा आणि पैसेवाल्यांचा शौक आहे, त्याची आम्हांस गरजच काय, असे म्हणणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. क्रिकेट तरी कोठून आले? या खेळाचा एक विशेष आमच्यासारख्या गावांना खचित उपकारक आहे. जाळीलगतच्या त्या सात फुटांच्या निर्बंधामुळे नुसत्या दांडगाईने येथे जिंकता येत नाही. सर्व्हिस कमरेखालूनच करावी लागते. धावपळ २० फुटांच्या रुंदीत आटोपते. परिणामी साठीचे गृहस्थ, त्यांची सून आणि दहा वर्षांचा नातू एकाच कोर्टावर उभे राहू शकतात. आमच्या तालुक्याच्या गावांतून चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीला खेळण्यास एकही जागा नाही, आणि ती नाही याची कोणास खंतही नाही. हळद शिजवून वाळविण्याच्या हंगामात दिवसभर उन्हात राबणारी ती असो की कचेरीत बसणारी असो, शरीराला मोकळा खेळ मिळण्याचा हक्क तिलाही आहे. हा खेळ तो हक्क थोड्या जागेत मिळवून देऊ शकतो. म्हणूनच तो यावा, पण मैदानाच्या छातीवर बसून येऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तो कसा यावा याचा मार्गही त्याच्या मापातच दडलेला आहे. बॅडमिंटनचे दुहेरी कोर्ट आणि पिकलबॉलचे कोर्ट यांची बाहेरील मापे एकच आहेत. ज्या शाळेत, महाविद्यालयात किंवा क्रीडा संकुलात बॅडमिंटनचे कोर्ट आखलेले आहे, तेथे नवी एक वीतभर जमीनही लागत नाही. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते. निराळ्या रंगाने सात फुटांवर एक रेषा ओढली आणि जाळी पाच फुटांवरून तीन फुटांवर आणली की खेळ सुरू. मागे आणि बाजूस धावण्यास जागा पुरते की नाही तेवढे पाहून घ्यावे. प्रारंभ तेथूनच व्हावा. खर्च रंगाच्या डब्याचा आणि एका जाळीचा. शाळा सुटल्यावर हे पटांगण दोन तास मोहल्ल्याला खुले राहिले, तर नवे कोर्ट बांधण्याची गरज किती आहे हे वर्षभरात आपोआप कळेल.

नगरपरिषदेने आणि जिल्हा प्रशासनाने आजच काही गोष्टी ठरवून टाकाव्यात. मोठ्या मैदानांवर कोणत्याही खेळाचे कायमचे कुंपण घालू नये. लेआउटमधील चार गुंठ्यांच्या मोकळ्या जागेत फार तर एकच कोर्ट असावे. उरलेले दोन गुंठे लहान मुले, झाडे आणि बाके यांचे. परवानगी मागणाऱ्याने नकाशावर ४४ गुणिले २० चा आयत दाखवून भागणार नाही, ३४ गुणिले ६४ दाखवावा. उत्तर दिशा, पाण्याचा उतार आणि जवळच्या घराचे अंतर त्यावर लिहावे. प्रत्येक तालुक्यात निदान एक कोर्ट तीन गुंठ्यांचे, चाकांच्या खुर्चीला पुरेल असे असावे. आणि शेजारी-शेजारी असलेल्या लेआउटांच्या मोकळ्या जागा नकाशे मंजूर करतानाच एकमेकींस लागून घ्याव्यात. दोन वसाहतींचे चार-चार गुंठे सामाईक हद्दीवर एकत्र आले तर आठ गुंठे होतात, आणि आठ गुंठ्यांत खो-खोही बसतो, पिकलबॉलही बसतो. यास पैसा लागत नाही. नकाशावर पेन्सिल टेकविणाऱ्या अधिकाऱ्याची थोडी दूरदृष्टी लागते.

नागरिकांनीही आपले काम करावे. आपल्या वसाहतीच्या मंजूर नकाशाची प्रत मागवावी, मोकळी जागा किती आणि कोठे ती पाहावी, आणि एका रविवारी टेप घेऊन ती स्वतः मोजावी. कागदावरील चार गुंठे जमिनीवर तीन भरले, तर चौथा गुंठा कोणाच्या भिंतीआड गेला हे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. तो चौथा गुंठा परत मिळाला, तर त्यावर कोणता खेळ खेळावयाचा हे मुले आपसांत ठरवतील.